समस्या निवडण्याआधी तिचा माणूस शोधा: गोव्यात तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांविषयी

कोल्हापूरच्या एका डिझाइन कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत त्यांचे १२ आणि युरोपातल्या एका कॉलेजचे १० विद्यार्थी तीन आठवडे गोव्यात एकत्र काम करणार आहेत. विषय आहे 'स्थानिक सामाजिक समस्या आणि डिझाइन'. कुठली समस्या घ्यावी, इतक्या दिवसांत खरंच काही हाती लागतं का, आणि गावाला शेवटी काय देऊन यावं, असं त्या विचारतात.

मी फोंड्याला राहते, प्रॉडक्ट डिझाइन शिकवते आणि अशा एक्स्चेंजच्या गटांबरोबर अठरा वर्षं गोव्यातल्या गावांतून हिंडले आहे. तुम्ही निघण्याआधी हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक गट विषय पक्का करून, पोस्टर छापूनच येतात.

पहिली गोष्ट, समस्या निवडू नका, माणूस निवडा. उद्या सकाळी उठून ज्याला त्याच अडचणीला सामोरं जायचं आहे आणि तुम्ही गेल्यावरही ती सोडवण्याचं ज्याच्या मनात आहे, असा एक माणूस किंवा एक छोटी संस्था आधी शोधा. मी त्याला समस्येचा मालक म्हणते. मालक सापडला नाही तर विषय कितीही मोलाचा असो, सोडून द्या.

गोव्याची माहिती चाळली की विद्यार्थ्यांच्या यादीत कचरा, पर्यटन आणि खाणी हे तीन शब्द ठरलेले असतात. खाणींचंच घ्या. २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबलं, पुढे काही काळ सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणपट्ट्यातली छोटी हॉटेलं, सगळ्यांच्या घरावर त्याचा परिणाम झाला. प्रश्न खराच आहे. पण त्याचा निकाल कोर्टात आणि विधानसभेत लागतो. तीन आठवड्यांसाठी आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलांनी तिथं जाऊन माणसांची दुःखं ऐकायची, त्यांचे फोटो काढायचे आणि एक पोस्टर करायचं, यात त्या माणसांच्या पदरात काय पडतं? मी एकदा असा गट नेला होता. तिसऱ्या दिवशी एका ट्रकमालकाने मला विचारलं, "बाई, तुम्ही आमचं हे लिहून घेता, ते नेऊन कोणाला देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर तो विषय मी विद्यार्थ्यांना दिला नाही.

आता एक चूक सविस्तर सांगते, कारण शिकवण्याच्या दृष्टीने तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

एका वर्षी आमच्या गटाने मासळी बाजार घेतला. मासळी विकणाऱ्या बायका दिवसाचे सात-आठ तास जमिनीलगत बसतात, कंबर आणि गुडघे जातात, पाणी साचतं. परदेशी मुलांना ते बघवेना, आपल्या मुलांनाही. दहा दिवस राबून त्यांनी एक उंच मेज केलं. स्टीलचा पृष्ठभाग, पाणी वाहून जायला उतार, खाली बर्फाचा कप्पा. दिसायला सुंदर, मोजमाप अचूक. बाजारात नेलं तेव्हा आमच्या ओळखीच्या मावशींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्या मेजार आदोळी कशी धरूं गो बाय?"

आदोळी म्हणजे आपली विळी. तिच्या पाटावर पाय दाबून ठेवायचा असतो, मासा दोन्ही हातांनी पात्यावर ओढायचा असतो. इसवण, म्हणजे सुरमई, कापताना अंगाचं सगळं वजन त्या पायावर येतं. म्हणजे ती बाई खाली बसते ते तिला खुर्ची मिळत नाही म्हणून नव्हे, तिचं हत्यारच तिला खाली बसायला लावतं. उभं राहून कापायचं तर सुरी हवी, आणि सुरीने तिच्या वेगाने खवलं निघत नाहीत, तुकडे होत नाहीत. आमच्या बावीस जणांनी दहा दिवस तिचे गुडघे पाहिले, पाठ पाहिली, पाय कुठं आहे ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

उरलेल्या सहा दिवसांत गटाने मेज बाजूला ठेवून नवीन काम केलं. एका मुलीने फक्त आदोळीच्या पाटाचं माप घेतलं, सात बायकांच्या सात पाटांचं. प्रत्येकीने आपल्या उंचीप्रमाणे खाली लाकडाचा तुकडा, वीट, दुमडलेलं गोणपाट असं काहीतरी घातलं होतं. म्हणजे डिझाइन तिथं आधीच चाललेलं होतं. त्यांनी बसण्यासाठी चार बोटं उंचीचा, मागे किंचित चढता असा पाट केला, खाली सायकलच्या जुन्या टायरची पट्टी मारली म्हणजे ओल्या फरशीवर सरकू नये. सुताराकडून पाच करून घेतले. पुढच्या मोसमात गेले तेव्हा पाचातले तीन वापरात होते आणि एकीने आपल्या पाटाचा पुढचा कोपरा तासून घेतला होता. त्या तासलेल्या कोपऱ्याचा फोटो मी आजही पहिल्या तासाला दाखवते.

म्हणून तुमच्या मुलांना पहिले चार दिवस कागदावर एकही रेघ मारू देऊ नका. बघायचं, बसायचं, हाताखाली काम करायचं. आणि विचारायचं कसं, हे शिकवून आणा. 'तुमच्या समस्या काय आहेत?' हा प्रश्न इथं अजिबात चालत नाही. पाहुण्यासमोर घरातलं उणं सांगायचं नाही ही इथली रीत आहे, त्यामुळे उत्तर येतं, "तसं काय ना, बरें आसा." आणि चहा येतो. त्याऐवजी 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?' असं विचारा. मग कळतं की पाण्याची मोटर पहाटे साडेचारला सुरू करावी लागते, की पंचायतीची सुक्या कचऱ्याची गाडी येते तेव्हा ही बाई कामावर गेलेली असते आणि पिशवी आठवडाभर न्हाणीमागे पडून राहते. अडचण त्या तपशिलात असते.

भाषेचाही विचार करून या. गोव्यात माणसं घरात आणि बाजारात कोकणी बोलतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला वर्तमानपत्र मराठी, देवळातलं कीर्तन मराठी, भजन मराठी. तुमच्या कोल्हापूरच्या मुलांना वाटेल की मराठीवर सगळं भागेल. समजेल सगळं, पण एखादी म्हातारी बाई मराठीत बोलायला लागली की ती जरा सावरून, सभेत बोलावं तसं बोलते. कोकणीत बोलली की मनातलं येतं. प्रत्येक गटात एक तरी कोकणी बोलणारा स्थानिक विद्यार्थी ठेवा, आणि त्याला दुभाषी म्हणून राबवू नका. याकडे मी पुन्हा येते.

आता विषय कुठला घ्यावा. तुम्ही जानेवारीत येणार म्हणून मी तुम्हाला खाजन सुचवीन.

खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. पूर्वजांनी बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून काढली, पावसाळ्यात तिथं खारवट पाणी सोसणारं भात होतं, कापणीनंतर पाणी आत घेऊन मासळी आणि कोळंबी. समुद्राची भरती इथं उधाणाला साधारण दोन मीटर चढते. ते पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाच्या तोंडाशी मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की बाहेरचं पाणीच दारं दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. वीज नाही, मोटर नाही. डिझाइनच्या विद्यार्थ्याला शिकण्यासारखं याहून चांगलं यंत्र गोव्यात मला माहीत नाही.

आणि त्याला मालक आहे. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकारीची, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या जुन्या संस्थेची होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनेकडे आली. आज बऱ्याच ठिकाणी शेती सुटली, माणसं नोकरीला गेली आणि बांधाकडे लक्ष द्यायला मोजकेच हात उरले. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात, बिळातून पाणी झरतं, झरलेली जागा उधाणात फुटते आणि एका रात्रीत खारं पाणी शेतात येतं. खारं झालेलं शेत पुन्हा गोडं व्हायला कित्येक पावसाळे जातात.

आमचा एक गट तिसवाडी तालुक्यातल्या एका गावात होता. मुलांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून सेन्सर होता. मानशीला सेन्सर लावायचा, पाण्याची पातळी फोनवर दिसणार. मानस सांभाळणारे काका साठीचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आज तिथी कुठली? पंचमी होती. ते म्हणाले, पाच पाऊण पावणेचार, पावणेचारला भरती पूर्ण होईल. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणपट्टीत सगळीकडे चालतो. जर्मनीहून आलेला मुलगा घड्याळ लावून मानशीवर बसला. चारला पाच मिनिटं कमी असताना पाणी थबकलं. संध्याकाळी त्याने आपणहून सेन्सरचं चित्र भिंतीवरून काढलं.

काकांना पातळी कळत होती. त्यांना अडचण होती ती वेगळीच. बांध लांबलचक, नागमोडी. कुणी शेताकडे गेलेला माणूस फोन करून सांगायचा, 'अमक्याच्या शेताकडे झरतंय.' शेतांची जुनी नावं काकांच्या पिढीला माहीत, पोरांना नाहीत. काका जाऊन शोधेपर्यंत भरती येऊन जायची. मग मुलांनी काय केलं? बांधावर दर पन्नास पावलांना एक जांभा दगड पुरला आणि त्यावर आकडा रंगवला. एकपासून सुरुवात, मानशीपाशी. दोन म्हाताऱ्यांना सोबत घेऊन बांधाचा नकाशा काढला, प्रत्येक आकड्यासमोर शेताचं जुनं नाव लिहिलं, देवनागरीत आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. एक प्रत संघटनेच्या खोलीत, एक काकांच्या घरी कालनिर्णयाशेजारी. सतरा नंबरपाशी झरतंय, एवढं सांगितलं की पुरे. कृषी खात्याकडे बांधदुरुस्तीचा अर्ज करताना संघटनेने तोच नकाशा जोडला.

खर्च झाला तो रंगाचा आणि दगड वाहून आणणाऱ्या टेम्पोचा. परदेशी कॉलेजच्या प्राध्यापकांना सुरुवातीला हे फार साधं वाटलं, यात डिझाइन कुठं आहे असं त्यांनी विचारलं. मी त्यांना बांधावर घेऊन गेले, अंधार पडल्यावर, बॅटरी घेऊन. त्यांनी स्वतः आकडा शोधून पाहिला आणि मग पिवळा रंग घ्या, पांढरा चिखलात हरवतो, असं सुचवलं. पिवळाच लावला. दुसऱ्या पावसाळ्यात काही दगड खचले. गावातल्या मुलांनी ते पुन्हा बसवले आणि आकडे निळे केले, कारण घरी निळा रंग उरला होता. ते निळे आकडे पाहून मला जो आनंद झाला तो कुठल्याही बक्षिसाने झाला नसता.

तीन आठवड्यांत काही हाती लागतं का, याचं माझं उत्तर हे आहे. लागतं, पण दगडावरच्या आकड्याएवढं. त्याहून मोठं करायला गेलात तर दुरुस्तीचा भार गावावर पडतो. आफ्रिकेतल्या प्लेपंपची गोष्ट मुलांना नक्की सांगा. मुलं चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने बोअरवेलचं पाणी वर येईल, अशी ती कल्पना. २००६ साली अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. प्रत्यक्षात पोरं खेळून दमली की बायकांनाच वाकून ते चक्र फिरवावं लागे, आणि बिघडलं तर गावात दुरुस्त करणारं कुणी नसे. काही वर्षांतच ती मोहीम गुंडाळावी लागली. त्याच्यासमोर आपला हातपंप ठेवा. इंडिया मार्क टू जगभर गेला, त्याचं मूळ सोलापूरच्या पंपात आहे, आणि तो सोलापूर पंप शाळेत न शिकलेल्या, हातानेच शिकलेल्या एका मेकॅनिकच्या डोक्यातून आला. १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो सुधारला गेला आणि कुणालाही बनवता यावा म्हणून मोकळा ठेवला गेला. मराठी मुलांना ही गोष्ट माहीत नसते याचं मला वाईट वाटतं.

विद्यार्थ्यांच्या कामातून मोठं काही निघतच नाही असं मात्र समजू नका. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका वर्गात स्वस्त इन्क्युबेटर करा असा विषय होता. गटातला एक जण नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात दानात आलेले इन्क्युबेटर रिकामे होते, कारण अपुऱ्या दिवसांची बाळं खेड्यात जन्मत होती आणि शहरापर्यंत पोचत नव्हती. विषयच बदलला. वीज सतत नसली तरी बाळाला ऊब देणारी पिशवी त्यातून निघाली. पण त्यासाठी ती मंडळी शिक्षण संपल्यावर बंगळुरूला येऊन राहिली आणि वर्षानुवर्षं त्यामागे लागली. तुमच्या बावीसांतलं एखादं पोर तसं निघालं तर देव पावला, पण त्या भरवशावर गावाला शब्द देऊ नका.

आता एक्स्चेंजविषयी. दुसऱ्या आठवड्यात नेहमी एक गोष्ट घडते आणि ती वेळीच थांबवावी लागते. परदेशी मुलं स्केच काढतात, सादरीकरण करतात, आणि आपली मुलं भाषांतर करतात, रिक्षा ठरवतात, जेवणाची सोय बघतात. कुणी मुद्दाम करत नाही. इंग्रजी अस्खलित असलेला पुढे सरकतो. मी नियम केलाय: गावातल्या बैठकीत आपला विद्यार्थी बोलेल, परदेशी विद्यार्थी टिपणं घेईल, आणि भाषांतर आळीपाळीने. वर्गात जे स्केच भिंतीवर लागेल त्यावर दोघांचा हात हवा.

दुसरं, करारातच परतीची फेरी लिहून घ्या. देवाणघेवाण आहे ना, मग सामाजिक समस्या फक्त आपल्याकडेच कशा? आमच्या मुली युरोपातल्या एका शहरात गेल्या तेव्हा त्यांना वृद्धाश्रम दिला होता. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी, जिने घरात आजीला रोज वाढलेलं, तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं की तिथं जेवण ताटात भरून समोर येतं, कुणीच कुणाला वाढत नाही. तिने टेबलाच्या मध्यावर ठेवायची, थरथरत्या हातालाही उचलता येईल अशी दोन कानांची वाढण्याची भांडी केली. आजोबांनी आजींना वाढलं, बोलणं सुरू झालं. तिथले प्राध्यापक वीस वर्षं त्या शहरात राहत होते, त्यांना हे दिसलं नव्हतं. बाहेरून आलेल्याला काही गोष्टी खरंच जास्त दिसतात. हा हक्क आपल्या मुलांनाही मिळाला पाहिजे, यासाठी मी भांडते आणि तुम्हीही भांडा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. परदेशी मुलांना कुणाच्या घरी ठेवणार असाल तर आल्यापासून चोवीस तासांत यजमानाला परदेशी पाहुण्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरावा लागतो, त्याला हे आधी सांगा. व्हिसा कुठल्या प्रकारचा लागेल ते त्यांच्या कॉलेजने तिकिटं काढण्याआधी लेखी ठरवावं. खाडीकाठी पक्कं काही उभारायचं मनात आणू नका, किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजन जमिनींना वेगळं संरक्षण दिलेलं आहे. पंच आणि सरपंचांना आधी भेटा, पण कुळांच्या संघटनेला त्याहून आधी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि त्याला लागून येणारे दिवस टाळा, तेव्हा खोल्या परवडत नाहीत आणि गावातल्या माणसांना तुमच्यासाठी वेळ नसतो.

ज्याचा अर्धा दिवस घेतलात त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. सन्मानचिन्ह देऊ नका, मजुरी द्या. लहान मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि विचारून काढले तरी कॉलेजच्या जाहिरातीत जाणार नाहीत हे लिहून द्या. अनाथाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, अत्याचारातून सुटलेल्या बायकांची निवासस्थानं, इथं तीन आठवड्यांचा गट नेऊच नका. तिथल्या माणसांनी जीव लावायचा आणि तुम्ही विमानात बसायचं, हे मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

अंतिम सादरीकरण हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या सभागृहात ठेवू नका. गावातल्या देवळाच्या मंडपात, चॅपलच्या अंगणात किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये ठेवा, संध्याकाळी, बायकांची कामं उरकल्यावर. प्रोजेक्टर नको, वस्तू हातात द्या. आणि गावाने 'हे नको' म्हटलं तर ते टिपून घेऊन तेच अहवालात पहिल्या पानावर लिहा. मोजमापांची चित्रं मराठीत आणि कोकणीत, गावच्या सुताराला किंवा वेल्डरला वाचता येतील अशी, दोन प्रतींत ठेवून या. पैशातला थोडा भाग बाजूला काढा, कारण पावसाळा संपल्यावर तुमच्यातल्या दोघांना तरी परत यायचंय, काय टिकलं ते बघायला. ती फेरी वेळापत्रकात नसेल तर मी कुठल्याही गटाला गावात नेत नाही.

तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग घेऊन बसा. पहिला आठवडा पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपास येईल असं बघा. उधाणाच्या भरतीला, मानशीची दारं मिटल्यावर बांधावरून चालत गेलं की तो कुठं कुठं झरतो ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीला, आलात तर पाणी बांधाच्या अंगापर्यंतही येणार नाही आणि सगळं ठीकच वाटेल.